बर्फर्ड : बाजारपेठेच्या गावातले पॅरिश चर्च कसे पाहावे

पांथस्थ :

इंग्लंडमध्ये राहणारे, किंवा मुलांकडे उन्हाळ्यात काही महिने येऊन राहणारे बरेच मराठी लोक कॉट्सवोल्ड्स या टेकड्यांच्या प्रदेशाच्या सहलीत बर्फर्डला तासाभरासाठी उतरतात. उताराच्या रस्त्याची छायाचित्रे काढतात, चहा घेतात, आणि वेळ उरलाच तर खाली नदीजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चमध्ये डोकावून येतात. माझे म्हणणे असे आहे की बर्फर्डमध्ये गाव आणि चर्च ही दोन वेगळी प्रेक्षणीय स्थळे नाहीत. हे चर्च बाजाराच्या पैशातून, बाजारातल्या माणसांच्या हातून, टप्प्याटप्प्याने वाढत गेले. म्हणून ते पाहायला निघताना सुरुवात चर्चच्या दारापासून करू नये, हाय स्ट्रीटच्या वरच्या टोकापासून करावी.

ऑक्सफर्डच्या पश्चिमेला साधारण ३० किलोमीटरवर, जिथे विंडरश नदी ओलांडणे सोपे जाई अशा ठिकाणी, हे गाव वसले. ११०७ साली वारलेल्या रॉबर्ट फिट्झहॅमन या नॉर्मन सरदाराने गावाला सनद दिली, आणि ऑक्सफर्डच्या नागरिकांना जे हक्क होते त्याच धर्तीवर इथल्या व्यापाऱ्यांना आपला संघ स्थापण्याची मुभा दिली. इंग्लंडमधल्या व्यापारी संघांच्या सर्वांत जुन्या सनदांमध्ये हिची गणना होते. आपल्याकडे नवी पेठ वसवायची झाली की कौल दिला जाई, व्यापाऱ्यांना काही वर्षे जकातीत सूट मिळे आणि शेटे-महाजनांकडे पेठेचा कारभार येई. ती पद्धत माहीत असलेल्याला बर्फर्डची सनद परकी वाटणार नाही. जमीनदाराला बाजारातून उत्पन्न हवे होते, व्यापाऱ्याला संरक्षण आणि स्वातंत्र्य हवे होते, आणि त्या दोघांच्या गरजेतून गाव उभे राहिले.

हाय स्ट्रीटच्या वरच्या टोकाला उभे राहिले की त्या व्यवहाराची आखणी अजूनही डोळ्यांना दिसते. रस्ता गरजेपेक्षा रुंद आहे, कारण तो नुसता रस्ता नव्हता, बाजाराचे मैदान होते. दोन्ही बाजूंच्या घरांची तोंडे अरुंद आहेत आणि त्यांच्या जागा मागे लांबच लांब गेल्या आहेत, कारण रस्त्यावर दुकानाचे तोंड असणे हीच खरी मालमत्ता होती. कित्येक घरांची दर्शनी भिंत अठराव्या शतकातली, दगडी आणि प्रमाणबद्ध आहे. पण बाजूच्या कमानीतून आत डोकावले तर मागे मध्ययुगातला लाकडी सांगाडा तसाच आहे. उतारावर मध्यावर शीप स्ट्रीटच्या कोपऱ्याला खांबांवर उभी असलेली टॉल्सी नावाची इमारत लागते. बाजाराचे कर इथे गोळा होत; आता तिथे गावाचे छोटे संग्रहालय आहे. चर्चला जाण्याआधी ते जरूर पाहावे, कारण पुढे ज्या नागरिकांच्या हक्कांची गोष्ट येते, तिची पार्श्वभूमी इथे समजते.

बर्फर्डचा पैसा मुख्यतः लोकरीचा. कॉट्सवोल्ड्सच्या लांब लोकरीच्या मेंढ्यांना युरोपभर मागणी होती, फ्लँडर्स आणि इटलीचे व्यापारी इथली लोकर घेत. त्या पैशाने चर्चचे काय केले ते पाहण्यासाठी चर्चला बाहेरून एक पूर्ण प्रदक्षिणा घालावी. मधला मनोरा बाराव्या शतकातला, जाड भिंतींचा आणि गोल कमानींचा आहे. पंधराव्या शतकात, भरभराटीच्या काळात, त्याच जुन्या मनोऱ्यावर आणखी एक मजला आणि वर निमुळता शिखरस्तंभ चढवला गेला. खालच्या खांबांना तो भार पेलवेना, म्हणून आत जाऊन पाहिले तर मनोऱ्याखालचे खांब नंतर जाड केलेले आणि काही मोकळ्या जागा दगडाने भरून घेतलेल्या दिसतात. गावाची ऐपत वाढली आणि पायाची क्षमता तेवढीच राहिली, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारी दुसरी इमारत माझ्या पाहण्यात नाही.

दक्षिणेकडचा तीन मजली प्रवेशमंडप हा याच काळातला. पण माझ्या मते सर्वांत बोलकी जागा त्याच्या पश्चिमेला आहे. व्यापारी संघाचे स्वतःचे प्रार्थनामंदिर आधी चर्चच्या आवारात स्वतंत्र उभे होते, तेही चर्चच्या रेषेत नाही तर थोडे तिरके. पंधराव्या शतकात चर्च वाढवताना ते पोटात घेतले गेले, आणि म्हणून आज आत चालताना एका कोपऱ्यात भिंतींची दिशाच बदलते. वास्तुशास्त्राच्या पुस्तकी नजरेला हा दोष वाटेल. मला मात्र तिथे बाजार चर्चमध्ये शिरल्याचे प्रत्यक्ष दिसते.

बाहेरच्या दफनभूमीतही तेच. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या काही थडग्यांवर अर्ध्या पिंपासारखा गोल, खोबणी पाडलेला दगड आडवा ठेवलेला आहे. त्यांना लोकरीच्या गठ्ठ्यांची थडगी म्हणतात. तो आकार खरोखर गठ्ठ्याचा आहे की शवपेटीवरच्या कापडी आच्छादनाचा, याबद्दल अभ्यासकांत दुमत आहे. पण त्यांच्या बाजूंवर फळांची, फुलांची आणि चेहऱ्यांची जी कोरीव नक्षी आहे, ती करणारे पाथरवट याच परिसरातले होते. जवळच्या अप्टनच्या खाणीचा मालक क्रिस्टोफर केम्प्स्टर याने लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या बांधकामात वास्तुविशारद क्रिस्टोफर रेनबरोबर काम केले. १७१५ साली तो वारला आणि त्याचे स्मारक याच चर्चमध्ये आहे.

आत उत्तरेकडे सर लॉरेन्स टॅनफिल्ड आणि त्यांच्या पत्नीचे १६२८ सालचे मोठे, खांबांचे, रंगीत स्मारक आहे. पाहणारा थक्क होतो. पण त्याच्याजवळ उभे असताना हे ध्यानात असावे की टॅनफिल्ड हे राजाच्या महसुली न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते, गावाची जमीनदारी त्यांनी विकत घेतली होती, आणि १६२० च्या सुमारास नागरिकांच्या जुन्या हक्कांना न्यायालयात आव्हान दिले गेले तेव्हा बाजारावरचा नागरिकांचा पिढ्यानुपिढ्यांचा अधिकार गेला. ज्या माणसामुळे व्यापाऱ्यांचे हक्क गेले, त्याचेच स्मारक व्यापाऱ्यांनी वाढवलेल्या चर्चमध्ये सर्वांत मोठे आहे. टॅनफिल्डबाईंनी ते गावाला न विचारताच उभारले असे सांगतात, आणि लोकांनी पुढे कित्येक वर्षे या दांपत्याचे पुतळे जाळल्याची आठवणही गावात आहे. त्यांची मुलगी एलिझाबेथ केरी हिचे नाव मात्र वेगळ्या कारणाने राहिले. १६१३ साली छापले गेलेले तिचे नाटक हे इंग्रजीत स्त्रीने लिहून प्रसिद्ध झालेले पहिले स्वतंत्र नाटक मानले जाते.

मुद्दाम थांबावे अशा इतर जागांबद्दल इतर सभासदांनी लिहावे, अशी विनंती आहे.

बखरवाचक :

पांथस्थ, आपण लेव्हलर्सचा, म्हणजे सतराव्या शतकात समान हक्क मागणाऱ्या गटाचा, विषय आमच्यासाठी राखून ठेवला असे समजून लिहितो. माझ्यासारख्या इतिहासाच्या वाचकासाठी बर्फर्डला जाण्याचे पहिले कारण तेच आहे.

राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद होऊन चार महिनेही झाले नव्हते. संसदेच्या सैन्यातल्या अनेक शिपायांचा पगार थकलेला होता, त्यांना आयर्लंडच्या मोहिमेवर पाठवण्याचे घाटत होते, आणि ज्या हक्कांसाठी आपण लढलो ते पदरात पडल्याखेरीज आम्ही जाणार नाही असे त्यांचे म्हणणे होते. व्यापक मताधिकार, धार्मिक सहिष्णुता आणि सक्तीच्या सैन्यभरतीला विरोध या त्यांच्या मागण्या होत्या. बंड करून निघालेल्या तुकड्या बर्फर्डला मुक्कामाला असताना मे १६४९ मध्ये क्रॉमवेल आणि फेअरफॅक्स या संसदेच्याच सेनानींनी रात्री अचानक छापा घातला. सुमारे ३४० जणांना या चर्चमध्ये कोंडण्यात आले. १७ मे रोजी कॉर्नेट जेम्स थॉम्पसन, कॉर्पोरल पर्किन्स आणि शिपाई जॉन चर्च या तिघांना चर्चच्या भिंतीशी उभे करून गोळ्या घातल्या गेल्या. बाकीच्या कैद्यांना छतावर नेऊन ते दृश्य पाहायला लावले, असे सांगितले जाते. चौथा, कॉर्नेट हेन्री डेन, याने पश्चात्ताप व्यक्त केल्यावर त्याला जीवदान मिळाले, आणि त्याच्या जुन्या सोबत्यांनी त्याला कधी क्षमा केली नाही.

आता प्रत्यक्ष पाहण्याची गोष्ट. बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडाला आतून शिशाचे अस्तर आहे, आणि कडेवर आलेल्या त्या शिशावर एका कैद्याने स्वतःचे नाव, साल आणि आपण बंदी असल्याचे कोरून ठेवले आहे : अँथनी सेडली, १६४९. अक्षरे ओबडधोबड आहेत, काही खोल गेली आहेत, काही नुसती ओरखडल्यासारखी आहेत. शिसे मऊ असते, चाकूच्या टोकानेही कोरता येते. तिथे वाकून पाहावे आणि एवढाच विचार करावा की त्या माणसाला उद्या आपला नंबर आहे की नाही हे ठाऊक नव्हते. टॅनफिल्डचे स्मारक आणि ही दोन ओळी भरतील एवढी अक्षरे एकाच छताखाली आहेत. माझ्या दृष्टीने या दोहोंतले मोठे स्मारक म्हणजे ती अक्षरे.

बाहेरच्या भिंतीवर त्या तिघांच्या नावाची पाटी आहे, आणि दरवर्षी मे महिन्यात त्यांच्या स्मरणार्थ गावात सभा आणि मिरवणूक होते. तारखा जुळत असतील तर त्याच दिवशी जावे.

म्हापसेकर :

धागा वाचताना सारखे म्हापसे डोळ्यांसमोर येत होते. आमच्याकडे शुक्रवारचा बाजार आणि मिलाग्र सायबिणीचे चर्च यांचे नाते असेच जिवंत आहे. चर्चची स्थापना १५९४ ची. ईस्टरनंतर येणाऱ्या सायबिणीच्या फेस्ताला ख्रिस्ती आणि हिंदू दोघेही तेल घेऊन जातात, कारण शिरगावची लईराई ही सायबिणीची बहीण, अशी इथली श्रद्धा आहे. फेस्ताची फेरी भरते ती बाजारासारखीच. गोव्यातली कित्येक चर्चे गावकारीच्या उत्पन्नातून उभी राहिली आणि त्यांतले उत्सव कोंफ्रारींनी (चर्चशी जोडलेल्या बंधुसंघांनी) सांभाळले, त्यामुळे गावाच्या संस्थेने चर्च पोसणे ही गोष्ट आम्हाला सवयीची आहे.

माझा प्रश्न असा आहे : बर्फर्डच्या व्यापारी संघाचे चर्चमधले मंदिर पुढे कोणाच्या ताब्यात गेले? आमच्याकडे कोंफ्रारी अजून आहेत. तिकडे धर्मसुधारणेच्या काळात असे संघ टिकले का?

पांथस्थ :

म्हापसेकर, आपण मर्मावर बोट ठेवले आहे. ते टिकले नाहीत, निदान त्या स्वरूपात नाहीत. सहाव्या एडवर्डच्या कारकिर्दीत, १५४७ च्या कायद्याने, मृतांसाठी प्रार्थना करण्याकरता ठेवलेली संघांची आणि दानधर्माची मालमत्ता राजाकडे गेली. इंग्लंडभर अशा बाजारगावांतून वेद्या, मूर्ती, मेणबत्त्यांचे निधी, पुरोहितांची वेतने, सगळे काही वर्षांत नाहीसे झाले. बर्फर्डच्या प्रवेशमंडपावरच्या मूर्तींना डोकी नाहीत, याचे कारण त्याच उलथापालथीत शोधावे लागते.

पण गावाने हार मानली नाही हे विशेष. व्यापाऱ्यांनी दानाचा रोख बदलला. १५७१ साली त्यांनी गावात शाळा काढली, आणि ती शाळा आजही चालू आहे. चर्चशेजारी वृद्धांसाठीची दानगृहे तर त्याआधीची, १४५७ ची. चर्चच्या हिरवळीवर उभे राहिले की शाळेची जुनी इमारत, दानगृहे आणि चर्च तिन्ही जवळजवळ एका नजरेत येतात. बाजारात मिळवलेला पैसा गावात कुठे मुरवायचा, याची या लोकांना पक्की समज होती.

त्याच काळाचे आणखी एक स्मारक आत आहे. आठव्या हेन्रीचा न्हावी-शस्त्रवैद्य एडमंड हार्मन याने १५६९ साली, म्हणजे हयातीतच, ते उभारले. खाली त्याची १६ मुले गुडघ्यांवर बसलेली कोरली आहेत. वरच्या चौकटीत मात्र पिसांचे मुकुट घातलेल्या माणसांच्या आकृती आहेत. अमेरिका खंडातल्या मूळ रहिवाशांचे ब्रिटनमधले हे सर्वांत जुन्या चित्रणांपैकी एक मानले जाते. कारागिराने ती माणसे पाहिलेली नसणार. फ्लँडर्समधून आलेल्या छापील नक्षीवरून त्याने त्या उतरवल्या असाव्यात. मेंढ्यांच्या या गावात अशी कल्पना पोचली, ती बहुधा लोकर ज्या वाटेने बाहेर गेली त्याच वाटेने आत आली.

जुनीवास्तू :

संवर्धनाच्या क्षेत्रात काम करत असल्याने एक महत्त्वाची गोष्ट जोडते. १८७० च्या दशकात जॉर्ज एडमंड स्ट्रीट या नामवंत वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली या चर्चची ‘पुनर्बांधणी’ चालू होती, आणि भिंतींवरचा जुना गिलावा खरवडून काढला जात होता. कवी आणि नक्षीकार विल्यम मॉरिस १८७६ मध्ये तिथे आला, ते पाहून हळहळला आणि त्याने व्हिकरकडे, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूकडे, तक्रार केली. व्हिकरने दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे : चर्च माझे आहे, आणि माझ्या मनात आले तर मी त्यात डोक्यावर उभा राहीन. पुढच्याच वर्षी, १८७७ मध्ये, मॉरिसने जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था स्थापन केली. ती आजही काम करते आहे, आणि ‘पूर्ववत करण्यापेक्षा वेळेवर डागडुजी करा’ हे तिचे तत्त्व जगभरच्या संवर्धनाचा पाया झाले आहे.

मला हा प्रसंग फार जवळचा वाटतो, कारण आपल्याकडे हेच रोज घडते आहे. यादवकालीन मंदिराच्या दगडावर ऑइलपेंटचे थर चढतात, सभामंडपाला चकचकीत फरशी बसते, शिखराला सिमेंटचा मुलामा दिला जातो, आणि काही वर्षांनी तोच रंग काढताना दगडाची वरची त्वचा निघून जाते. प्रत्येक वेळी करणाऱ्याचा हेतू चांगला असतो. दगडाला श्वास घेऊ देणारा चुन्याचा गिलावा एकदा खरवडला की त्याखाली रंगवलेले चित्र असले तरी तेही जाते, आणि मग ‘दगड किती सुंदर दिसतो’ असे म्हणणाऱ्यांची पिढी तयार होते. बर्फर्डला गेल्यावर भिंतीजवळ जाऊन पाहावे. कुठे दगड उघडा आहे, कुठे गिलावा आहे आणि त्या दोहोंमधला फरक काय सांगतो, हे मुलांनाही समजावून देता येते.

बखरवाचक :

जुनीवास्तूताई, आपल्या मुद्द्याशी मी सहमत आहे, तरी व्हिकरची बाजूही मांडायला हवी. पॅरिश चर्च हे संग्रहालय नव्हते आणि आजही नाही. तिथे लग्ने लागतात, बारशी होतात, अंत्यविधी होतात. ओल आलेली भिंत, गळके छत आणि कमी होत जाणारी वर्गणी यांचा हिशोब त्या माणसाला द्यावा लागतो. वापरात राहिलेली इमारत बदलतच राहणार. पांथस्थांनी ज्या शिखरस्तंभाचे आणि प्रवेशमंडपाचे कौतुक केले आहे, तेही पंधराव्या शतकातले बदलच होते.

जुनीवास्तू :

बदल आणि खरवडणे यांत मी फरक करते. पंधराव्या शतकातल्या लोकांनी जुन्यात नवे मिळवले, आणि जुने कुठे संपते ते आजही दिसते. एकोणिसाव्या शतकातल्यांनी जुन्याला आपल्या कल्पनेतल्या एका ठरावीक शतकाकडे परत न्यायचा प्रयत्न केला, आणि त्यासाठी मधली शतके पुसली. व्हिकरच्या जबाबदारीचा मला आदर आहे. पण ‘चर्च माझे आहे’ हे वाक्य चुकीचेच आहे. ते संघाचे होते, सेडलीचे होते आणि अजून जन्माला न आलेल्यांचेही आहे.

दूरचीवाट :

आईवडिलांना घेऊन जाण्याचा विचार आहे. वडिलांना फार चालवत नाही. रेल्वेने जाता येईल का? आणि चर्चमध्ये आम्ही ख्रिस्ती नसताना गेलेले चालते का?

पांथस्थ :

बर्फर्डला रेल्वे कधी आलीच नाही. १८१२ मध्ये मोठा रस्ताही गावातून काढून वरच्या टेकडीवरून नेला गेला, घोडागाड्यांचा धंदा गेला, आणि त्यामुळेच गाव इतके जुने राहिले आहे. जवळच्या स्थानकांपैकी एक चार्लबरी. तिथून मोटार घ्यावी. ऑक्सफर्डहून बसही मिळते, मात्र फेऱ्या कमी असल्याने परतीची वेळ आधी पाहून ठेवावी.

वडिलांसाठी वरून खाली चालण्याचा माझा सल्ला सोडून द्यावा. त्यांना मोटारीने थेट खाली चर्चच्या गल्लीपर्यंत न्यावे, तो भाग सपाट आहे. आत मात्र वेगवेगळ्या शतकांतले भाग जोडलेले असल्याने फरशीची पातळी काही ठिकाणी बदलते, तेव्हा हात धरावा. आईंना चालवत असेल तर त्यांनी नंतर पुलापर्यंत जाऊन यावे. नदीवरचा अरुंद मध्ययुगीन दगडी पूल अजून वाहतुकीत आहे.

कोणत्याही धर्माच्या माणसाचे चर्चमध्ये स्वागत असते. रविवारी सकाळी उपासना असते, त्या वेळी पाहुण्यासारखे फिरू नये; मागे बसून ऐकायला कोणाची हरकत नसते. लग्न किंवा अंत्यविधी चालू असेल तर बाहेर थांबावे. प्रवेशशुल्क नाही, पण अशा इमारतीच्या छताचा खर्च मोठा असतो आणि तो बव्हंशी गावाच्या वर्गणीतून भागवावा लागतो, म्हणून दानपेटीत यथाशक्ती काहीतरी जरूर टाकावे. सेडलीच्या अक्षरांवरून बोट फिरवू नये, शिसे झिजते.

आणि हाताशी मोटार असेल तर त्याच रस्त्याने पश्चिमेला साधारण १५ किलोमीटरवरच्या नॉर्थलीचला जावे. तिथल्या चर्चच्या फरशीत पितळी पत्र्यांवर लोकरीचे व्यापारी कोरले आहेत, आणि १४५८ साली वारलेल्या जॉन फोर्टीचे पाय एका मेंढीवर आणि लोकरीच्या गोणीवर टेकलेले आहेत. बर्फर्डमध्ये जे दगडात आणि भिंतींच्या दिशेत ओळखावे लागते, ते तिथे व्यापाऱ्यांनी स्वतःच्या पायाखाली स्पष्ट दाखवून ठेवले आहे. तिथेही बाजाराचा चौक चर्चच्या अगदी लगत आहे, वडिलांना फार चालावे लागणार नाही.